उबेला जायचं ठरलं, पण परतीचं काय?

डिसेंबर २०२१

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली 'ज्येष्ठांसाठी हिवाळ्यातली उबदार ठिकाणं' ही यादी मी आपल्या इंटरनेट आवृत्तीत वाचली आणि ह्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवली. कॅनरी बेटं, फ्लोरिडा, मोरोक्को, थायलंड, दक्षिण आफ्रिका. प्रत्येक ठिकाणापुढे जानेवारीतलं तापमान, समुद्रकिनारा किती लांब, राहायची सोय कशी, हे सगळं नीट दिलेलं. जगात करोनाची महासाथ चालू आहे, हे त्या पानावर फक्त शेवटच्या ओळीत येतं: 'प्रवासापूर्वी स्थानिक नियम तपासून घ्यावेत.' या वर्षी खरी सगळी मेहनत त्या एका ओळीत आहे आणि ती म्हाताऱ्या माणसांवर सोडून दिलेली आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं वैद्यकीय विभागात आणि शेवटची हाडांच्या विभागात गेली. ह्यांनी सत्तरी ओलांडली आहे, हृदयात स्टेंट आहे, फुप्फुसांचा जुना विकार आहे. आम्ही राहतो तिथं हिवाळा कडक असतो, त्यामुळे निवृत्तीनंतर थंडीचे महिने उबेच्या ठिकाणी काढायची सवय लागली. मागच्या हिवाळ्यात कुठेच गेलो नाही. या वर्षी जायचं आहे, आणि गेले काही आठवडे जेवणाच्या टेबलावर याच कागदांचा पसारा आहे.

'या वयात, या दिवसांत, कशाला फिरायचं?' असं आम्हाला सुनावणारे पुष्कळ आहेत. त्यांना मला आधी उत्तर द्यायचं आहे. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ज्यांचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्यांना ते जाणवतं. शिवाय बर्फ. कचऱ्याची पिशवी टाकायला दाराबाहेर चार पावलं गेले आणि घसरून खुब्याचं हाड मोडून आले, असे रुग्ण मी दर हिवाळ्यात पाहिले. त्यातले काही जण पुन्हा पहिल्यासारखे चालले नाहीत. आणि करोनाच्या दृष्टीनं पाहिलं तर बंद खिडक्यांचं घर हीच धोक्याची जागा. हा विषाणू हवेतून पसरतो हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. जिथं दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात, माणसांना अंगणात बसून भेटता येतं, तिथं आमच्यासारख्यांचा धोका कमीच होतो. तेव्हा ही चैन नव्हे. ह्यांच्यासाठी तर मी त्याला उपचारच म्हणेन.

पण म्हणूनच ठिकाण नुसतं तापमान पाहून निवडून चालणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं ते पाहा. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेनं विषाणूच्या नव्या प्रकाराची खबर जागतिक आरोग्य संघटनेला दिली. २६ तारखेला त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळालं आणि त्याच दिवशी ब्रिटननं दक्षिण आफ्रिकेसह सहा देश लाल यादीत घातले. म्हणजे तिथल्या उन्हाळ्यासाठी गेलेल्या ब्रिटिश पेन्शनरांना घरी परतल्यावर १० दिवस नेमून दिलेल्या हॉटेलात, स्वतःच्या खर्चानं. २९ नोव्हेंबरपासून मोरोक्कोनं येणारी सगळी प्रवासी विमानं दोन आठवड्यांसाठी बंद केली. त्याच सुमारास इस्रायलनं परदेशी प्रवाशांना दार लावलं. आपल्या यादीतली दोन ठिकाणं अशी एका आठवड्यात हातची गेली, आणि तिथलं ऊन मात्र होतं तसंच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मार्च २०२० पासून या डिसेंबर २०२१ पर्यंत बहुतेक परक्या पर्यटकांना बंदच आहेत, त्यामुळे तिथल्या उन्हाळ्याचा विचारही करायला नको.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅनरी बेटांपैकी टेनेरिफेतल्या एका हॉटेलात उतरलेल्या इटालियन डॉक्टरला करोना निघाला आणि तिथल्या शेकडो पाहुण्यांना हॉटेलबाहेर पडायला बंदी झाली. मार्चमध्ये मोरोक्कोनं विमानं आणि बोटी थांबवल्या तेव्हा युरोपातले कितीतरी निवृत्त लोक आपल्या कॅम्परव्हॅनसकट, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांसकट, तिकडे अडकले. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?

जाण्याचे नियम सगळे वाचतात, कारण ते पाळल्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत. परतीचे नियम निघताना कुणी वाचत नाही, आणि वाचले तरी ते तिकडे असताना बदलतात. अमेरिकेनं ६ डिसेंबर २०२१ पासून विमानानं येणाऱ्या प्रत्येकाला, लस घेतलेली असो वा नसो, प्रवासाच्या फार तर एक दिवस आधीची चाचणी बंधनकारक केली. त्याआधी लस घेतलेल्यांना तीन दिवसांची मुभा होती. ब्रिटननं ७ डिसेंबरपासून निघण्याआधीची चाचणी पुन्हा आणली. एक दिवसाच्या आत अहवाल देणारी प्रयोगशाळा त्या छोट्या किनाऱ्यावरच्या गावात आहे का? रविवारी उघडी असते का? विमान सोमवारी सकाळचं असेल तर हा प्रश्न फार मोठा होतो.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं परतीच्या चाचणीतच अडकलं. बाईंची चाचणी पॉझिटिव्ह, त्यांच्या यजमानांची निगेटिव्ह. लक्षणं दोघांनाही काही नाहीत. घर त्याच दिवशी रिकामं करायचं होतं, कारण पुढचे पाहुणे येणार होते, आणि पॉझिटिव्ह माणसाला नवी खोली द्यायला कुणी तयार होईना. यजमानांना एकट्यानं परतायचा धीर होईना. बाईंची रक्त पातळ करणारी गोळी संपत आलेली. शेवटी एका स्थानिक डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न सोडवले, खोलीचा आणि गोळीचाही. त्या डॉक्टरांचा नंबर बाईंनी पहिल्याच आठवड्यात मिळवून ठेवला होता, म्हणून.

या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. करोना बरा झाल्यावरही आरटी-पीसीआर चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. माणूस ठणठणीत, कुणाला संसर्ग होण्याची भीती नाही, तरी कागदावर पॉझिटिव्ह. म्हणून अमेरिकेच्या डिसेंबर २०२१ मधल्या नियमात अशी सोय आहे की ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह अहवाल आणि 'प्रवासाला योग्य' असं डॉक्टरांचं पत्र दाखवलं की नवी चाचणी लागत नाही. आपल्याला ज्या देशात परतायचं आहे तिथं अशी सोय आहे का, हे निघण्याआधी माहीत हवं. तिकडे आजारी पडल्यावर जुना अहवाल जपून ठेवायला हवा हेसुद्धा.

आता विम्याविषयी. इथं मला जरा विस्तारानं लिहू द्या.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी ह्यांची रक्तदाबाची गोळी अर्धी केली. उठताना अंधारी यायची, वजनही थोडं उतरलं होतं, म्हणून. घरी आम्हाला आनंद झाला. पण प्रवास विम्याच्या कराराचा बारीक अक्षरांतला मजकूर भिंग घेऊन वाचला तेव्हा 'प्रकृती स्थिर' याची व्याख्या सापडली. निघण्याआधीच्या ठरावीक काळात नवं औषध सुरू झालेलं नसावं, जुनं बंद झालेलं नसावं, मात्रा वाढलेली नसावी आणि कमीही झालेली नसावी. हा काळ करारागणिक वेगळा असतो, कुठे ९० दिवस, कुठे १८०. म्हणजे तब्येत सुधारली म्हणून गोळी कमी केली, तरी विम्याच्या हिशेबी ह्यांची प्रकृती अस्थिर! मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या तरुणानं, काळजीचं काही कारण नाही, असं सांगितलं. मी त्याला तेवढंच ईमेलनं लिहून पाठवायला सांगितलं. लिहून आलं ते वेगळं होतं: तो काळ पुरा व्हायच्या आत निघालात तर रक्तदाब आणि हृदयाशी संबंधित कुठलाही खर्च मिळणार नाही. स्टेंट असलेल्या माणसाला हृदयाचा खर्च वगळून विमा विकणं आणि फोनवर मात्र धीर देणं, याची मला मनापासून चीड आली. किती वयस्कर लोक त्या फोनवर विसंबून निघाले असतील!

आम्ही निघायची तारीख पुढे ढकलली आहे, ती यामुळे.

दुसरं कलम सरकारी सल्ल्याचं. आपल्या देशाच्या सरकारनं एखाद्या ठिकाणाबद्दल 'अत्यावश्यक नसेल तर प्रवास टाळा' असं म्हटलेलं असेल, तर बऱ्याच विमा करारांत करोनाचा खर्च मिळत नाही, काहींत तर काहीच मिळत नाही. कॅनडानं असा सल्ला मार्च २०२० पासून साऱ्या जगासाठी लावून ठेवला होता आणि २१ ऑक्टोबर २०२१ ला तो उठवला. त्यानंतर तिथल्या निवृत्तांची दक्षिणेकडे जायची लगबग सुरू झाली. पण उठवलेला सल्ला पुन्हा लागू शकतो. आपण तिकडे असताना लागला तर विमा चालू राहतो का, किती दिवसांत परतावं लागतं, हे करारात शोधा. आणि लक्षणं नसताना केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून रुग्णालयात राहावं लागलं तर ते बिल कोण भरणार? थायलंडनं १ नोव्हेंबर २०२१ पासून ठरावीक देशांतल्या लस घेतलेल्यांना विलगीकरणाशिवाय प्रवेश दिला, त्यासाठी किमान ५० हजार डॉलरचा विमा मागितला. तिथं सध्या पॉझिटिव्ह आलेल्याला लक्षणं नसली तरी रुग्णालयात किंवा रुग्णालयाशी जोडलेल्या हॉटेलात ठेवतात. विमा मात्र अनेकदा 'वैद्यकीय गरज' असेल तरच पैसे देतो. या दोहोंच्या मधे सापडतो तो पेन्शनवर जगणारा माणूस.

औषधांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, आणि वाचकांनीही असावं. जितके दिवस राहायचं त्याहून निदान महिन्याभराची जास्त औषधं न्यावीत. सगळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. बॅगा हरवतात, आणि विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात. काही वेळा मूळ नावही बदलतं: ह्यांचा दम लागल्यावर घ्यायचा पंप सालब्युटामॉलचा आहे, तोच अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतो. मी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून घेतली. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या कुणी घेत असेल तर संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात, अगदी तिथं फक्त विमान बदलायचं असलं तरी, आधी नियम पाहावेत. तिथं त्यांच्यावर कडक नियंत्रण आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे, पण तो वापरायची रीत कुणी शिकवत नाही. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा. हात गार असतील तर आधी चोळून गरम करावेत. नखाला रंग नको. आकडा दिसला की लगेच वाचू नये. तो खालीवर होत असतो, स्थिर होईपर्यंत थांबावं आणि मग वहीत लिहावं. आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२१ मध्ये याची सूचनाही काढली. म्हणून एका आकड्यावर भिस्त न ठेवता निघण्याआधीच दोन आठवडे रोज नोंद करावी, म्हणजे आपला नेहमीचा आकडा कळतो आणि त्यात झालेली घसरण ओळखता येते. ह्यांची वही मी सुरू केली आहे. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितपत असतो, त्यामुळे फुप्फुसांचा विकार असलेल्यांचा ऑक्सिजन तिथं आणखी उतरतो. अशांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं; प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं.

ठिकाण ठरवताना मी नकाशावर आधी रुग्णालय शोधते. अतिदक्षता विभाग आहे का, घरापासून रस्त्यानं किती वेळ लागतो, रात्री रस्ता चालू असतो का. लहान बेटं सुंदर असतात, पण गंभीर रुग्णाला मोठ्या बेटावर हलवावं लागलं तर विमान किंवा बोट हवी. कॅनरी बेटांतल्याच ला पाल्मावर १९ सप्टेंबर २०२१ ला ज्वालामुखी उसळला आणि राखेमुळे तिथला विमानतळ अनेकदा बंद पडला. तेव्हा बेट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ह्यांना समुद्र कितीही आवडत असला तरी. घर तळमजल्याचं, स्वतंत्र दाराचं, समोरासमोर खिडक्या असलेलं पाहिलं आहे. सामायिक लिफ्ट आणि बंद बोळ असलेलं मोठं हॉटेल नको.

मुक्कामाच्या दिवसांचा हिशेबही ठेवावा लागतो. एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या शेंगेन देशांत बाहेरच्या माणसाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ब्रेक्झिटमुळे जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पेन्शनरांनाही तो नियम लागू झाला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वर्षातले २१२ दिवसांपेक्षा जास्त दिवस बाहेर राहिलं तर सरकारी आरोग्य विमा धोक्यात येतो. ज्यांना परतीला उशीर होऊ शकतो त्यांनी या मुदतीच्या अगदी काठाशी योजना आखू नये.

लसीबद्दल थोडंच. ज्यांनी २०२१ च्या वसंतात दोन मात्रा घेतल्या त्यांचं संरक्षण आता उतरू लागलं आहे. तिसरी मिळत असेल तर निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, सोबत फ्लूचीही. कोणती लस कुठे मान्य आहे तेही पाहावं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर ती घेतलेल्यांना अनेक देशांत लस न घेतलेल्यांतच धरत होते.

आमचं आता असं ठरलं आहे: 'प्रकृती स्थिर'चा काळ पुरा झाल्यावर निघायचं. तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यायचं, थोडं महाग पडलं तरी. घरमालकाकडून लेखी घेतलं आहे की आमच्यापैकी कुणी पॉझिटिव्ह आलं तर आम्हाला तिथंच राहता येईल, म्हणून त्यांनी आमच्यानंतरचे दोन आठवडे कुणाला दिलेले नाहीत. त्याचं अर्धं भाडं आम्ही आधीच मान्य केलं आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी डॉक्टर, आमची मुलगी आणि आम्ही दोघं फोनवर बसू आणि तेव्हाच जायचं की नाही ते पक्कं करू. तिकडची परिस्थिती बिघडली असेल तर जाणार नाही. ह्यांनी हे मान्य केलं आहे, तेही एका बैठकीत नव्हे.

संपादक महोदय, आपल्याकडे बातमीदार आहेत, परराष्ट्र खात्यांची पत्रकं आपल्यापर्यंत आमच्याआधी पोहोचतात. माझी विनंती अशी की पुरवणीतल्या त्या यादीत तापमानाच्या शेजारी चार रकाने वाढवावेत: परतीसाठी कोणती चाचणी आणि किती तासांची, पॉझिटिव्ह आल्यास कुठे आणि किती दिवस ठेवतात, अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय, आणि प्रवासाबद्दलचा सरकारी सल्ला. दर आठवड्याला माहिती ताजी करून तारीख घालावी. विमा कंपन्यांच्या 'प्रकृती स्थिर' कलमावर एखाद्या जाणकार वकिलाकडून स्वतंत्र लेखही लिहून घ्यावा. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण परदेशात स्थिरावलेल्या मुलांचे आईवडील आहेत, ते याच आठवड्यात तिकिटं काढत असतील. तेव्हा शक्य झाल्यास पहिला तक्ता येत्या रविवारीच छापावा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)